जुनी मोटारसायकल आणि पन्नाशीतला नवशिका

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने काही नवे शिकायचे मनात आणले की आप्तेष्ट त्याच्यापुढे योगासने, हार्मोनियम किंवा ज्ञानेश्वरीचे पारायण ठेवतात. या तिन्हींविषयी मला नितांत आदर आहे. तथापि चौपन्नाव्या वर्षी मी जे शिकलो ते मोटारसायकल चालवणे; आणि त्यासाठी जी गाडी हाती घेतली ती १९९७ सालची, दोन पावसाळे गोठ्यात उभी राहिलेली आणि भंगारवाल्याने दोन हजार रुपयांना मागितलेली होती. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मागील दारी अशीच एखादी गाडी पोत्याखाली झाकून ठेवलेली असेल. तिचे काय करता येते आणि काय करू नये, याविषयी जे प्रत्यक्ष हाताखालून गेले ते येथे सांगतो.

गाडी माझ्या भावोजींची. थोरली बहीण पेडण्यास दिलेली. भावोजींनी पंचवीस वर्षे ही गाडी पेडणे तालुक्यातल्या चढउतारांवर चालवली आणि २०२२ च्या डिसेंबरात ते गेले. मुलगा बोटीवर, मुलगी बेळगावला सासरी. घरात बहीण एकटी. भंगारवाला दारात आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि परत पाठवले. तिचे म्हणणे एवढेच होते की गाडी चालती राहावी. कोणी चालवावी हे तिने सांगितले नाही. इकडे शिरगावहून तिच्याकडे जायचे तर अंतर तीसेक किलोमीटर, पण म्हापशाला बस बदलावी लागते, आणि संध्याकाळी परतीचा मेळ बसला नाही की दुसऱ्या दिवशीच्या शाळेची चिंता. त्यामुळे महिन्यातून एकदा होणारी माझी खेप दोन महिन्यांवर गेली होती. माझे आजवरचे सारे आयुष्य पायी, सायकलीवर, बसमध्ये आणि पायलटाच्या पाठीमागे बसून गेले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे पायलट म्हणजे विमानचालक नव्हे. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवर भाड्याने माणसे नेणारा तो पायलट. टॅक्सीचे काम दुचाकीने करण्याची ही रीत गोव्यात इतकी मुरलेली आहे की बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन पायलटामागे निश्चिंतपणे बसलेल्या आज्जीबाईंकडे कोणी वळूनही पाहत नाही.

जुनी गाडी घेऊन शिकणार असे कळल्यावर मित्रांनी सल्ल्यांचा वर्षाव केला. घ्यायचीच तर बुलेट घ्या, असे एकाचे मत. दुसऱ्याने येझदीचे नाव काढले. या नावांमागे मोठा इतिहास आहे खरा. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि तिथून प्रथम जावा व १९७३ पासून येझदी बाहेर पडू लागली. पोलंडमधील एका गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत खेडोपाडी दूधवाल्यांच्या कॅनसह पोहोचली, आणि १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने तिच्या धाकट्या भावंडाला कॉलेजच्या फाटकापर्यंत नेले. ‘फटफटी’ हा आपल्या भाषेतला नादमधुर शब्द याच गाड्यांच्या आवाजातून आला असावा असे वाटते. पुढच्या गाड्या इतक्या हलक्या आवाजात चालू लागल्या की त्यांना फटफटी म्हणणे विसंगत झाले. ज्यांना एवढेही परवडत नव्हते त्यांच्यासाठी १९७२ साली पुण्याहून लूना आली. धोतराचा सोगा सावरीत लूनावरून शाळेत येणारे गुरुजी माझ्या पिढीने पाहिले आहेत.

मग १९८४ ते १९८६ या अवघ्या दोनतीन वर्षांत जपानी सहकार्याने शंभर सी.सी.च्या गाड्या एकापाठोपाठ एक आल्या : इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा, कावासाकी-बजाज. यांपैकी १९८५ ची हीरो होंडा सी.डी. हंड्रेड तेवढी चार स्ट्रोकची. बाकीच्या दोन स्ट्रोकच्या. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलाबरोबर तेलही जळते, त्यामुळे जोर अधिक आणि धूरही अधिक. चार स्ट्रोकचे इंजिन आपले तेल पोटात ठेवते, संथ चालते आणि कमी पेट्रोल पिते. भावोजींची गाडी या सी.डी. हंड्रेडच्या कुळातली. तिच्यावर कोणी कविता करणार नाही. पण नवशिक्याने जुनी गाडी निवडताना हाच गुण पाहावा असे माझे ठाम मत झाले आहे. येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. ते नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले, परंतु नव्या गाडीचे भाग जुनीला बसत नाहीत. जुनी आता हौशी संग्राहकांच्या हाती गेली आहे आणि तिची किंमतही त्यांच्याच खिशाला मानवणारी. हीरो आणि होंडा हे दोन भागीदार २०१० च्या अखेरीस वेगळे झाले, तरी ९७ सी.सी.चे त्याच घराण्याचे इंजिन पुढे स्प्लेंडरमध्ये चालत राहिले. परिणामी तिचे ब्रेकशू, केबल, साखळी म्हापशाच्या बाजारात मागितल्याबरोबर मिळते. शिवाय वजनाचा प्रश्न आहे. उतारावर कलंडू लागलेली बुलेट सावरण्याचे बळ पन्नाशीतल्या मनगटात असेलच असे नाही.

गाडीला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. हा भाग नीरस आहे, परंतु जुन्या गाडीचे निम्मे घोटाळे इंजिनात नसून कागदांत असतात. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. भावोजींनी २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तिन्ही नूतनीकरणे वेळेवर केली होती, म्हणून आमचे काम सुकर झाले. मालक हयात नसेल तर गाडी एकदम त्रयस्थाच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावे करावी लागते, त्यासाठी मृत्युदाखला आणि इतर वारसांची संमती लागते, आणि मग फॉर्म २९ व ३० भरून पुढचे हस्तांतर. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा. गंजाखाली तो दिसत नसेल तर रॉकेलाच्या फडक्याने पुसावा. खरवडू मात्र नये.

याच कागदांच्या पिशवीत एक चौकोनी वही निघाली. १९९७ पासून किती पेट्रोल घातले, केव्हा तेल बदलले, कोणता भाग कोठून घेतला, याची भावोजींच्या बारीक अक्षरातली नोंद तिच्यात होती. आमच्या मेस्त्रीने ती वही अर्धा तास उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, की इंजिन उघडण्याची गरज नाही. दर दोन हजार किलोमीटरना ज्याचे तेल बदलले गेले आहे त्या इंजिनाला विनाकारण खोलू नये, हा त्याचा नियम.

या मेस्त्रीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जुन्या गाडीचे भवितव्य सुट्या भागांपेक्षा अशा माणसांवर अधिक अवलंबून आहे. वय बासष्ट. सतराव्या वर्षी तो एका खाणीच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला आणि लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांवर हात बसवला. आमच्या डिचोली तालुक्यात खाणींनी जमीन खाल्ली, विहिरी आटवल्या, हे खरेच. त्याच वेळी पाना-पक्कड धरता येणाऱ्या माणसांची एक पिढी त्यांच्या वर्कशॉपांत तयार झाली, हेही नोंदले पाहिजे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. २०१२ मध्येच याचे काम गेले. त्याने अस्नोड्याच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली आणि दुचाक्या दुरुस्त करू लागला. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, ट्रक पुन्हा दिसू लागले. पण बाराव्या वर्षी वर्कशॉपकडे परत फिरायचे त्याचे वय राहिले नव्हते. मुलगा पणजीत नोकरीला. शेडमध्ये शिकाऊ पोरगा नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे सहावे मानक लागू झाले आणि कार्बोरेटर जाऊन त्याजागी इंधन फवारणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. त्यांचा दोष यंत्र लावून वाचायचा असतो. कानाने दोष ओळखण्याची विद्या शिकायला कोण येणार?

गाडी टेंपोतून शेडपाशी उतरवली तेव्हा मला उत्सुकता होती ती इंजिन सुरू होते का याची. मेस्त्रीने किकला हातदेखील लावला नाही. “सर, पयलीं ब्रेक, मागीर इंजिन,” एवढेच बोलून तो चाके सोडवू लागला. जी गाडी थांबत नाही ती सुरू होऊन काय उपयोग, हे त्याचे तर्कशास्त्र नवशिक्याने गाठीशी बांधण्यासारखे आहे. ड्रममध्ये गंजाचे कडे धरले होते, ब्रेकशू काचेसारखे गुळगुळीत झालेले, पुढच्या ब्रेकची केबल आपल्या आवरणातच अडकून बसलेली. दोन्ही शू, तिन्ही केबली बदलल्या. टायरांची नक्षी उत्तम दिसत होती. परंतु टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागील टायरवर २३१४ होते. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांत रबर कडक होऊन कडेला केसासारख्या चिरा पडल्या होत्या. असा टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो आणि पहिल्या पावसात दगा देतो. तो काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पेट्रोलची टाकी हे स्वतंत्र प्रकरण होते. दोन वर्षे राहिलेले पेट्रोल उडून जाऊन तळाशी डिंकासारखा थर धरला होता आणि वरच्या रिकाम्या भागात तांबडा गंज. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. आणि आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा! त्यामुळे जुन्या गाडीची टाकी अर्धवट भरलेली ठेवून महिनोन् महिने उभी करू नये, आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर एकदा बदलून घ्यावेत. त्या काळचे रबर या मिश्रणासाठी केलेले नव्हते. गंज काढण्यासाठी मेस्त्रीने कोणतेही विकतचे रसायन आणले नाही. माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर टाकीत भरले, मूठभर जुने नट आत टाकले, आणि दोन दिवस येताजाता ती टाकी हलवण्याचे काम मला दिले. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, थोडे पेट्रोल आत फिरवून टाकले. कार्बोरेटरचे जेट, ज्याचे छिद्र सुईच्या अग्राएवढे, ते त्याने तारेने न टोचता हवेच्या झोताने साफ केले. तारेने छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची खादाड बनते.

इंजिनाचे तेल बदलले, टॅपेट कागदाच्या जाडीइतक्या फटीवर बसवले, साखळी आणि तिची दातेरी चक्रे नवी घातली, बॅटरी घातली. साइलेन्सरच्या एका बोल्टाचे आटे गेले होते. तिथे नवे आटे पाडण्यात एक दुपार गेली. चौथ्या रविवारी गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. एकूण खर्च ११,१५० रुपये. त्यात टायरट्यूब ३,६०० आणि मेस्त्रीची मजुरी ३,०००. मजुरी त्याने कमीच घेतली असे मला वाटते. रंग काढला नाही. टाकीवरचा मूळचा काळा रंग भावोजींच्या गुडघ्यांनी दोन्ही बाजूंना झिजला आहे, तो तसाच राहू दिला. ज्यांना जुनी गाडी नव्यासारखी चकचकीत करायची असते त्यांचा मार्ग वेगळा आणि खर्चिक. नवशिक्याने आपले पैसे रंगापेक्षा टायरांत घालावेत.

आता शिकण्याविषयी. चाळिशी उलटलेल्या माणसाला शिकाऊ परवान्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. परवाना सहा महिने चालतो आणि किमान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मला शिकवायला आला तो माझाच एक जुना विद्यार्थी, आता पायलट. आठवीत असताना तो मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे आणि मी त्याला फळ्याकडे पाहायला सांगत असे. शाळेच्या मैदानावर पहिल्याच रविवारी त्याने मला सांगितले, “सर, चाकाकडे पाहू नका, जायचे आहे तिकडे पाहा.” मैदानाच्या कुंपणावर सहावी-सातवीची मुले ओळीने बसली होती. मुख्याध्यापकांना वर्गाबाहेर शिकताना पाहण्याचा योग त्यांना एरवी कुठून येणार. मी त्यांना हाकलले नाही.

नवशिक्याची सारी अडचण डाव्या हाताच्या चार बोटांत असते. क्लच सोडताना एक बिंदू असा येतो की जिथे इंजिन चाकाला धरू लागते; आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे झुकते. तो बिंदू बोटांना कळेपर्यंत थ्रॉटलला हात लावायचा नाही, नुसते क्लचवर गाडी दहा पावले चालवायची आणि थांबायची, असा पाठ त्याने मला पहिले दोन रविवार दिला. या गाडीचे चारही गिअर पायाच्या पुढच्या दांडीने खालीच दाबायचे असतात, टाचेने परत आणायचे असतात. त्यामुळे मनात आकडे मोजत राहावे लागते. जुन्या केबलींच्या गाडीवर शिकण्याचा एक फायदा असा, की प्रत्येक क्रिया हाताला जाणवते. ब्रेक किती धरला, क्लच कुठे आहे, हे दर्शक न पाहता कळते. तोटाही सांगितला पाहिजे : ड्रमचे ब्रेक आजच्या डिस्कइतके चटकन थांबवीत नाहीत, दिवा मिणमिणता, आणि आपोआप ब्रेक सोडवून चाक घसरू न देणारी आजची यंत्रणा यात नाही. म्हणून अशा गाडीवर पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखावे, काळोख पडल्यावर शक्यतो निघू नये.

आमच्याकडचे रस्ते हा तर वेगळाच अभ्यासक्रम. कडेला तांबडी खडी साचते. तिच्यावर पुढचा ब्रेक आवळला की चाक हातातून जाते. कोरड्या डांबरावर मात्र थांबण्याचे मुख्य काम पुढच्याच ब्रेकचे, नुसत्या मागच्यावर भिस्त ठेवणारा माणूस फार लांब जाऊन थांबतो. खनिजाचा ट्रक समोरून आला तर त्याच्यामागून उठणाऱ्या धुरळ्यात दुसरा ट्रक असतो असे गृहीत धरावे. पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सर्वांत वाईट, कारण तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता साबणासारखा होतो. तेवढा वेळ एखाद्या दुकानाच्या वळचणीला उभे राहण्यात कमीपणा नाही. हेल्मेट आय.एस.आय. चिन्हाचे, पट्टा आवळलेले. हनुवटीखाली लोंबणाऱ्या पट्ट्याचे हेल्मेट म्हणजे पगडीच.

२०२५ च्या फेब्रुवारीत परवाना मिळाला आणि पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता मी अस्नोडा, म्हापसा, कोलवाळचा पूल, धारगळ असा पेडण्यास गेलो. चाळीसच्या वर वेग नेला नाही. हमरस्त्यावर मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून आपले मत कळवले. सव्वा तास लागला. बहिणीने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि विचारले, “साखळीला तेल कुठले घालतोस?” भावोजी दर पंधरा दिवसांनी हे काम तिच्या डोळ्यांसमोर अंगणात करीत. नंतर आम्ही जेवलो. ऊन उतरण्यापूर्वी निघ, अंधार करू नको, असे तिने तीनदा सांगितले. तेव्हापासून दर पंधरवड्याला एक खेप होते. जून ते सप्टेंबर मात्र मी पुन्हा बसने गेलो आणि गाडी टाकी काठोकाठ भरून, बॅटरी सोडवून, मधल्या स्टँडवर उभी केली. पंधरा दिवसांनी एकदा चाके हाताने फिरवावीत, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत.

चतुर्थी आटोपून सप्टेंबर संपल्यावर ती पाचव्या किकला सुरू झाली. २०२७ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण आहे. वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते शुल्क २०२५ च्या ऑगस्टात दोन हजार रुपये करण्यात आले, आणि तपासणीत दिवा, हॉर्न, धूर सारेच पाहतील. हॉर्न सध्या घसा बसल्यासारखा वाजतो. मेस्त्री म्हणतो की त्याचा एक स्क्रू अर्धा वेढा फिरवला की पुरे, पण त्यासाठी गाडी बुधवारी सकाळी आणा, कारण बाकीचे दिवस त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेपा आहेत.